अ‍ॅलेक गिनेस कसा पाहावा: आठ चेहऱ्यांपासून एका चष्म्यापर्यंत

अ‍ॅलेक गिनेस या ब्रिटिश नटाचं नाव काढलं की बहुतेकांना 'स्टार वॉर्स'मधला दाढीवाला ओबी-वान केनोबी आठवतो, आणि ओळख तिथेच थांबते. ती भूमिका १९७७ सालची. तोवर त्याची रंगभूमीवर चाळीसच्या वर आणि पडद्यावर तीस वर्षं झाली होती. त्या तीस वर्षांत त्यानं काय काय केलं ते नीट पाहिलं, तर अभिनय शिकणाऱ्याला, एकांकिका बसवणाऱ्याला किंवा नुसत्या चोखंदळ प्रेक्षकालाही पुष्कळ हाती लागतं. त्यासाठी त्याचं सगळं काम पाहायची गरज नाही. आठ चित्रपट आणि दोन मालिका पुरतात. मात्र क्रम महत्त्वाचा आहे, आणि पाहायची पद्धतही.

तारखेच्या क्रमानं जाऊ नका. तसं गेलात तर गिनेस म्हणजे वेषांतराचा बादशहा एवढंच डोक्यात बसतं. उलट थेट शेवटच्या टीव्ही मालिकांवर उडी मारलीत तर 'हा माणूस काहीच करत नाही' असं वाटून दुसऱ्या भागातच झोप येते. म्हणून इथे क्रम लावला आहे तो रंगभूषेच्या हिशेबानं: जिथे चेहऱ्यावर सगळ्यात जास्त लेप आहे तिथून सुरुवात, आणि शेवट जिथे नुसता एक चष्मा उरतो तिथे. एकेक थर उतरत जातो तसं लक्षात येतं, की त्याचं खरं काम नेहमी लेपाच्या आत चाललेलं होतं.

आधी पडदा नीट लावा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथे चुकलं तर पुढचं सगळं फुकट जातं.

लंडनच्या ईलिंग स्टुडिओचे चित्रपट आणि दिग्दर्शक डेव्हिड लीनचे सुरुवातीचे चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीत आहेत. आजच्या रुंद टीव्हीवर ते लावले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्या पट्ट्या येऊ द्या. झूम करून पडदा भरलात तर वरून कपाळ आणि खालून पाय कापले जातात, आणि गिनेसच्या बाबतीत पाय कापले जाणं म्हणजे अर्धी भूमिका जाणं. चित्र आडवं ताणलंत तर आणखी वाईट, कारण सडपातळ माणूस बसका दिसायला लागतो. बीबीसीच्या मालिकाही याच जुन्या ४:३ चौकटीतल्या आहेत. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' मात्र सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा आहे, त्याला काळ्या पट्ट्या वर आणि खाली यायला हव्यात. त्याची जुनी टीव्हीवरची प्रत हाती आली तर बाजूचं चित्र कापलेलं असतं. ती घेऊ नका.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण काम एकच: दोन चौकटींच्या मधे खोटी चौकट भरणं. त्यानं चालीचा ठेका बिघडतो. चित्रातले दाणे पुसणारी सोयही बंद करा. बीबीसीची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही हेरकथेची मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली आहे, तिच्यात दाणे असणारच. ते पुसायला गेलं की चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्याही पुसल्या जातात आणि माणूस मेणाचा दिसतो.

आता आवाजाची गोष्ट. भारतात आणि युरोपात मिळणाऱ्या जुन्या पाल पद्धतीच्या डीव्हीडींवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगानं धावतो. १०६ मिनिटांचा चित्रपट १०२ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. नुसतं मनोरंजन म्हणून पाहताना हे जाणवतही नाही, पण आवाज ऐकून भूमिका समजून घ्यायची असेल तर ब्लू-रे किंवा मूळ वेगाची प्रत शोधा. बीबीसीच्या मालिकांना ही अडचण नाही, त्या मुळातच २५ च्या वेगानं चित्रित झाल्या आहेत.

इंग्रजी सबटायटल्स लावाच, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. गिनेस वाक्याचा शेवट गिळतो, आणि तो जाणूनबुजून गिळतो. काय गिळलं हे कळायला ते लिहिलेलं समोर असावं लागतं.

माणूस कोण होता, थोडक्यात

जन्म २ एप्रिल १९१४, लंडन. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा रिकामी. सुरुवातीला जाहिरात कंपनीत मजकूर लिहायची नोकरी, मग नाट्यशिक्षण. नामवंत नट जॉन गिलगुडनं १९३४ मध्ये आपल्या 'हॅम्लेट'मध्ये त्याला ऑस्रिकची छोटी भूमिका दिली आणि गाडी रुळावर आली. १९३८ मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात टायरोन गथ्रीच्या दिग्दर्शनाखाली आधुनिक कपड्यांतला हॅम्लेट त्यानं स्वतः केला. महायुद्धात तो नौदलात होता. १९४३ च्या सिसिलीवरच्या चढाईत सैनिक उतरवणारी एक नौका त्याच्या हुकमतीखाली होती. पुढे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या भूमिका त्यानं ज्या सहजपणे केल्या, त्या पाहताना हे ध्यानात ठेवा. १९५९ मध्ये 'सर' झाला. निधन ५ ऑगस्ट २०००.

पहिली बैठक: एका चित्रपटात आठ

'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' (१९४९, दिग्दर्शक रॉबर्ट हेमर). लुई नावाचा तरुण सरदारकी मिळवण्यासाठी आपल्या वाटेतल्या डास्कॉइन घराण्यातल्या वारसांचा काटा काढतो, अशी गोष्ट. लुईचं काम डेनिस प्राइसचं, आणि ते घराणं म्हणजे एकटा गिनेस. त्याला आधी चार भूमिका देऊ केल्या होत्या. आठही मीच करतो, असं त्यानं कळवलं.

पहिल्यांदा चित्रपट सलग पाहून घ्या, मजा घ्या. वही दुसऱ्या वेळी काढा. आठ जणांची यादी अशी: होडी चालवणारा छचोर तरुण, फोटोग्राफीचा नाद असलेला हेन्री, म्हातारा धर्मगुरू, स्त्रियांच्या मताधिकारासाठी काचा फोडणारी लेडी अगाथा, हट्टी अ‍ॅडमिरल, एकच लढाई पुन्हा पुन्हा सांगणारा जनरल, क्रूर ड्यूक आणि बँकेचा वृद्ध मालक. प्रत्येकासमोर चार रकाने आखा: पाय, कणा, श्वास, नजर. दाढी-मिशा-टोपी यांचा रकाना मुद्दाम करायचा नाही. तो सगळ्यांनाच दिसतो.

दुसऱ्या वेळी आवाज पूर्ण बंद करून पाहा. धर्मगुरू लुईला आपलं चर्च दाखवत फिरवतो तो प्रसंग निवडा आणि त्याच्याशेजारी बँकवाल्याचा कुठलाही प्रसंग ठेवा. दोघंही म्हातारे, दोघंही सभ्य. धर्मगुरूचं म्हातारपण साऱ्या अंगावर पसरलेलं आहे. बँकवाल्याचं फक्त मानेत आणि पापण्यांत आहे. आठांमधली प्रेक्षकांची लाडकी भूमिका बहुधा जनरलची किंवा अगाथाची असते, पण अभिनय म्हणून सर्वांत अवघड बँकवाला आहे, कारण त्याच्याकडे टेकायला एकही गंमत नाही. पुढे तीस वर्षांनी बीबीसीच्या मालिकांत जो गुप्तहेर स्मायली येतो, त्याचं बीज इथे पडलेलं आहे.

चर्चमध्ये सहा डास्कॉइन एकाच चौकटीत बसलेले दिसतात तो शॉट थांबवून पाहा. आज संगणकावर चुटकीसरशी होणारं हे काम छायालेखक डग्लस स्लोकोम्बनं कॅमेऱ्यातच केलं. भिंगासमोर काळे झाकण लावून चौकटीचा एकच भाग उघडा ठेवायचा, तेवढ्यात एक गिनेस चित्रित करायचा, फिल्म उलटी फिरवून मूळ जागी आणायची, झाकण बदलायचं, गिनेसनं दुसरी रंगभूषा करून दुसऱ्या जागी बसायचं. असं सहा वेळा. मधे कॅमेरा केसभर हलला तरी सगळं वाया जाणार, म्हणून स्लोकोम्ब रात्री स्टुडिओत कॅमेऱ्याजवळच झोपला. अभिनेत्याच्या बाजूनं विचार करा: जो अजून बसलेलाच नाही त्याच्या शेजारी बसल्यासारखं वागायचं, आणि पुढच्या फेरीत आधीच्या स्वतःला ओळखही द्यायची नाही.

इथे प्रतीचा एक घोळ होतो. अमेरिकेत गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा तेव्हाचा नियम होता, म्हणून तिथल्या प्रतीत शेवटी काही सेकंदांची भर घातली आहे आणि तिनं सगळा शेवटच सपाट होतो. ब्रिटिश प्रत एका थांबलेल्या क्षणावर संपते. पाहायची ती हीच.

फेगिन: लेप कुठवर चालतो

'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८, दिग्दर्शक डेव्हिड लीन), डिकन्सच्या कादंबरीवरचा. फेगिन म्हणजे पोरांना खिसे कापायला लावणारा म्हातारा ज्यू. याआधी लीनच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१९४६) गिनेसनं उमद्या, हसऱ्या हर्बर्ट पॉकेटचं काम केलं होतं. त्यामुळे हा माणूस फेगिन करेल हे लीनला पटेना. गिनेस रंगभूषा करूनच चाचणीला उभा राहिला आणि भूमिका घेऊन गेला. रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्नचं ते नाक चित्रकार क्रुकशँकनं मूळ कादंबरीसाठी काढलेल्या चित्रांवरून घेतलं आहे.

भोग तिथेच आला. युद्ध संपून तीनच वर्षं झाली होती, छळछावण्यांतून वाचलेले ज्यू अजून युरोपभर विखुरलेले होते, आणि पडद्यावर ज्यूंच्या द्वेषातून जन्मलेलं तेच जुनं नाक. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये निदर्शनं झाली, चित्रपट काढून घ्यावा लागला. अमेरिकेत तो १९५१ पर्यंत अडकला आणि फेगिनची बरीच दृश्यं कापून लागला. म्हणून हातातली प्रत ११६ मिनिटांच्या आसपास आहे ना ते आधी पाहा (पाल डीव्हीडीवर १११). बरीच कमी असेल तर ती कापलेली आहे.

हा चित्रपट पाहताना दोन गोष्टी एकदम धरून ठेवायला लागतात. कारागिरी म्हणून काम विलक्षण आहे: ३४ वर्षांच्या माणसानं आवाजाचा खर्ज, बोटांची वळवळ, पाठीचा बाक कुठेही न सोडता म्हातारा उभा केला आहे. आणि तरीही त्या नाकानं केलेली इजा खरी आहे. नाक काढून घेतलं असतं तरी भूमिका उभी राहिली असती, कारण आवाज आणि बोटं पुरेशी होती. रंगभूषा करणाऱ्यांनी हा धडा घ्यावा: जे शरीरातून येतंय त्यावर वरून लेप चढवला की तो माणसाला जातीचं लेबल लावतो.

चाल: 'क्वाय'चा एक मिनिट

गिनेस भूमिकेचा शोध बहुधा चालीपासून सुरू करायचा. चाल सापडली की बाकीचं मागून येतं. याचा ढळढळीत पुरावा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मध्ये (१९५७) आहे. चित्रपट १६१ मिनिटांचा, सयामच्या (आजच्या थायलंडच्या) जंगलातली कथा, चित्रीकरण सिलोनमध्ये. कर्नल निकोल्सन जपान्यांच्या कैदेत आहे. अधिकाऱ्यांनी हातानं मजुरी करायची नाही, या तत्त्वावर तो अडून बसतो आणि त्याला पत्र्याच्या तापलेल्या खोपटात कोंडतात. त्यातून बाहेर काढल्यावर तो मैदान ओलांडून छावणीप्रमुख सायतोकडे चालत जातो.

तो एक मिनिट वेगळा काढून पाच वेळा पाहा. पहिल्यांदा फक्त गुडघे. मग फक्त खांदे. पाय ऐकत नाहीत, लटपटतात, पण खांदे अजून कवायतीत आहेत, आणि या दोहोंच्या मधला ताण म्हणजेच निकोल्सन. गिनेसचा मुलगा मॅथ्यू लहानपणी पोलिओतून उठला होता. त्याला पुन्हा चालायला शिकताना बापानं पाहिलं होतं, आणि ती चाल त्यानं या मैदानावर आणली. हे कळल्यावर सहाव्यांदा पाहा.

हे स्वतः करून पाहायचं असेल तर सुरुवात 'लंगडणं' अशी करू नका. हौशी नट इथेच चुकतो: आधी दुबळेपणा दाखवतो आणि मग त्यावर ताठपणा चढवतो. आधी ताठ चाला, खरोखर परेडच्या शिस्तीत, आणि मग एकेका सांध्यातून ताकद काढून घ्या. पात्राला पडायचं नसतं, हे कधी विसरू नका. या भूमिकेला ऑस्कर मिळालं.

ईलिंगचे आणखी तीन, भराभर

'द लॅव्हेंडर हिल मॉब' आणि 'द मॅन इन द व्हाइट सूट' (दोन्ही १९५१), 'द लेडीकिलर्स' (१९५५). तिन्ही दीड तासाच्या आसपास किंवा त्याहून छोटे, एका रविवारी होतात. पहिल्यात सोन्याच्या विटांवर नजर ठेवणारा सरळमार्गी बँक कारकून स्वतःच दरोडा आखतो. आयफेल टॉवरच्या गोल जिन्यावरून स्टॅन्ली हॉलोवेबरोबर धावत उतरताना त्याला चक्कर आणि हसू एकदम येतं, तो प्रसंग चुकवू नका. दुसऱ्यात मळणार नाही, फाटणार नाही असं कापड शोधणारा भाबडा शास्त्रज्ञ आहे. त्यात भुवया पाहा. तिसऱ्यात खोटे पुढे आलेले दात लावून तो लुटारूंचा म्होरक्या होतो. दात लावले की बहुतेक नट बोलणं जड करतात. गिनेसनं उलट बोलणं जास्तच गुळगुळीत केलं, म्हणून त्या दातांची भीती वाटते. याच नावाचा २००४ चा अमेरिकी चित्रपट वेगळा आहे, शोधताना तोच पुढे येतो.

'ट्यून्स ऑफ ग्लोरी': इथे पूर्ण संध्याकाळ द्या

१९६० चा रोनाल्ड नीमचा हा चित्रपट आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. ही मोठी उणीव आहे, कारण गिनेसच्या थंड, झाकलेल्या माणसांच्या रांगेत हा एकच धगधगता माणूस आहे. स्कॉटिश पलटणीचा तात्पुरता प्रमुख जॉक सिंक्लेअर: शिपाईगिरीतून वर आलेला, दारूबाज, लालभडक केसांचा, अरेरावी करणारा, आणि शिपायांचा लाडका. त्याच्या डोक्यावर जॉन मिल्सनं केलेला शिस्तीचा कर्नल बॅरो आणून बसवतात. वरवर पाहता बॅरोची भूमिका गिनेसला जास्त शोभली असती. त्यानं मुद्दाम सिंक्लेअर निवडला.

सिंक्लेअर खोलीत शिरतो तेव्हा बाकीच्यांकडे पाहत राहा. तो किती जागा व्यापतो हे इतरांच्या सरकण्यातून कळतं. ग्लास धरण्याची पद्धत, समोरच्याच्या खांद्यावर टाकलेला हात आणि त्यातली थोडी जास्त ताकद, हेही टिपा.

शेवट ज्यांना आधी कळायला नको, त्यांनी हा परिच्छेद सोडावा. बॅरोच्या मृत्यूनंतर सिंक्लेअर अधिकाऱ्यांना जमवून अंत्ययात्रेचा बेत सांगू लागतो: कोण कुठे चालेल, कुठल्या चौकात कोणती धून वाजेल. बोलता बोलता ते वाद्य त्याला खरंच ऐकू येऊ लागतं. समोरच्यांना कळून चुकतं की माणूस हातून गेला, पण त्याचा आवाज अजून हुकूम सोडतोय. नटाला मोडून पडायचा प्रसंग मिळाला की तो लगेच रडायला धावतो. इथे गिनेस कामाला चिकटून राहतो, यादी पुरी करत राहतो, आणि मोडतोड यादीच्या आतून होते. एकांकिका स्पर्धेत वेडाचा प्रवेश करणाऱ्या प्रत्येकानं तो पाहावा, आणि मग स्वतःच्या प्रवेशातल्या पात्राला हाताला काहीतरी काम द्यावं.

गोडबोले: जिथे बहुरूपीपण अपुरं पडतं

मराठी माणसाला गिनेसची एक भूमिका जवळून तपासता येते. 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४), १६३ मिनिटं, पुन्हा डेव्हिड लीन. त्यात तो प्राध्यापक नारायण गोडबोले आहे, दख्खनी ब्राह्मण. त्याआधी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्ये (१९६२) त्यानं अरब राजपुत्र फैसल केला होता, चेहरा सावळा करून. ती भूमिका आजही बऱ्यापैकी तगते. गोडबोले तगत नाही, आणि का ते शोधणं हा चांगला अभ्यास आहे.

आधी ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबरीचा तिसरा भाग वाचा. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा संस्थानिकाचा खासगी सचिव होता आणि तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. तोच उत्सव कादंबरीत येतो. तिथे गोडबोले टाळकऱ्यांत उभा राहून भजन म्हणतो आणि त्या भजनात तुकारामाचं नाव घेतो. त्याचा सगळा आतला माणूस त्या नाचण्या-गाण्यात आहे. लीननं तो भाग फार आखडला आणि गिनेसनं केलेला नाचही संकलनात गेला. या काटछाटीनं गिनेस दुखावला. म्हणजे पडद्यावर उरला तो गूढ बोलणारा, मान डोलावणारा, पूजा लांबल्यामुळे रेल्वेचं फाटक बंद होऊन गाडी चुकवणारा गोडबोले. भक्ती कापली गेल्यावर विक्षिप्तपणा तेवढा शिल्लक राहिला.

पण सगळा दोष कात्रीवर टाकता येत नाही. डोळे मिटून दोन मिनिटं नुसतं ऐका. बोलण्यातला हेल कुठल्याच गावचा नाही. कीर्तनाला बसणाऱ्या, संध्या करणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या मराठी ब्राह्मणाच्या बोलण्याला जी ठसठशीत घाई असते ती यात नाही. आहे ती इंग्रजांच्या मनातल्या हिंदू साधूची संथ लय. सिंक्लेअरची स्कॉटिश बोली त्यानं जशी ऐकून उचलली, तसं ऐकायला इथे त्याच्याजवळ काही नव्हतं किंवा त्यानं घेतलं नाही. त्यातच शेजारी व्हिक्टर बॅनर्जी खराखुरा उभा आहे, त्यामुळे फरक लपत नाही. ही भूमिका भारतीय नटाकडेच जायला हवी होती. गिनेसवर प्रेम करणाऱ्यानं हे स्पष्ट म्हणावं.

शेवटची पायरी: स्मायली

आता दोन मालिका. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (बीबीसी, १९७९) आणि 'स्मायलीज पीपल' (१९८२). जॉन ल कारेच्या कादंबऱ्यांवरच्या. दोन्हींसाठी गिनेसला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. तोवर टीव्हीवर तो क्वचितच दिसला होता.

प्रत निवडताना: 'टिंकर टेलर'चे मूळ भाग सात. अमेरिकेसाठी त्याचे सहा केले, त्यात दृश्यं कापली आणि हलवली. डबीवर सहा लिहिलं असेल तर ठेवून द्या. 'स्मायलीज पीपल'चे मात्र मुळातच सहा आहेत. या दोहोंच्या मधली कादंबरी चित्रित झालेली नाही, त्यामुळे एखादी मालिका आपल्याला मिळाली नाही अशी शंका काढू नका. २०११ चा गॅरी ओल्डमनचा चित्रपट चांगला आहे, पण तो नंतर पाहा. आधी पाहिलात तर फितूर कोण हे कळून जातं.

गोष्ट अशी: ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या माथ्यावर रशियाचा माणूस बसला आहे आणि निवृत्त केलेला जॉर्ज स्मायली त्याला शोधतो. लोक पहिल्या दोन भागांतच गळतात ते नावांमुळे. म्हणून कागदावर लिहून जवळ ठेवा. 'सर्कस' म्हणजे खातं. 'लॅम्पलायटर्स' म्हणजे पाळत ठेवणारे. 'स्कॅल्पहंटर्स' म्हणजे धोक्याची, हातघाईची कामं करणारे. 'मॉस्को सेंटर' म्हणजे रशियन खातं आणि 'कार्ला' त्यातला प्रमुख प्रतिस्पर्धी. संशयितांची टोपणनावं: टिंकर म्हणजे अ‍ॅलेलाइन, टेलर म्हणजे हेडन, सोल्जर म्हणजे ब्लँड, पुअर मॅन म्हणजे एस्टरहेझ, आणि बेगरमॅन खुद्द स्मायली. एका दिवशी एकच भाग, सुमारे ५० मिनिटांचा. सगळे एका दमात पाहिले तर धागे एकमेकांत गुंततात.

पहिल्या भागाच्या सुरुवातीला चार माणसं एकेक करून बैठकीच्या खोलीत येऊन बसतात, जवळजवळ न बोलता. शेवटचा चहाच्या कपावर बशी ठेवून येतो. गिनेस यात नाही. तरी हे दृश्य दोनदा पाहा, कारण सगळ्या मालिकेची भाषा इथे ठरते: कोण कसा बसतो, काय हाताळतो, यातूनच सगळं कळणार आहे.

मग त्याच भागात वाचाळ मार्टिंडेल स्मायलीला जेवायला पकडून नेतो. तो अखंड बोलतो, खात्यातल्या कुचाळक्या सांगतो, स्मायलीच्या बायकोचा विषयही काढतो. स्मायली ऐकतो. इथे पडद्यावर कागद धरून मार्टिंडेलची बाजू झाका आणि फक्त ऐकणारा चेहरा पाहा. कुठल्या वाक्याला पापणी हलते, कुठल्या वाक्याला ती मुद्दाम हलत नाही. सौजन्य, कंटाळा, दुखावलेपण आणि धंद्याची सावधगिरी, चारही एकावर एक आहेत आणि एकही दाखवलेलं नाही. याच्यासमोर पहिल्या बैठकीतला बँकवाला आठवा.

ही भूमिका करण्याआधी ल कारेनं गिनेसची गाठ सर मॉरिस ओल्डफील्डशी घालून दिली होती. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा हा माजी प्रमुख. जेवताना गिनेस त्याचे कपडे, हात, लकबी न्याहाळत होता. निरीक्षणाचा नियम यातून घ्या: पेशा समजून घ्यायला मुलाखत घेऊ नका, जेवायला बसा. प्रश्न विचारले की माणूस उत्तरं सजवतो. ताटावर बसलेला माणूस सजत नाही.

चष्म्याकडे सलग लक्ष ठेवा. स्मायली तो कधी काढतो, कधी पुसतो, कधी नुसता नाकावर सरकवतो, याची वहीत भाग-क्रमांकासह नोंद करा. चार-पाच भागांनंतर नोंदी ओळीनं वाचल्या की नमुना दिसायला लागतो. हौशी नटाच्या हातात चष्मा दिला की तो दर दोन वाक्यांना त्याच्याशी खेळतो आणि वस्तूची किंमत जाते. पात्रानं वस्तूला हात लावायला कारण हवं, आणि ते कारण संवादात असू नये.

कार्लाचा प्रसंग शेवटी ठेवला आहे. स्मायली आपल्या सहकाऱ्याला पूर्वी दिल्लीच्या तुरुंगात कार्लाशी झालेली भेट सांगतो. पॅट्रिक स्टुअर्टचा कार्ला त्यात एक शब्दही बोलत नाही. स्मायली बोलत राहतो, पटवत राहतो, आणि बोलता बोलता स्वतःच उघडा पडतो. कार्ला जाताना त्याचा लायटर घेऊन जातो, बायकोनं भेट दिलेला. 'स्मायलीज पीपल'च्या अगदी शेवटी हे दोघं पुन्हा समोरासमोर येतात आणि तो लायटरही येतो. दोन्ही प्रसंग एकाच संध्याकाळी, लागोपाठ पाहा, आधी आवाजासह, मग आवाज बंद करून. पहिल्यात गिनेसचे हात कामात आहेत. दुसऱ्यात हातही थांबले आहेत.

गटानं पाहायचं असेल तर

आठ-दहा जणांहून मोठा गट नको. तीन बैठका पुरतात: 'काइंड हार्ट्स' एका दिवशी, 'क्वाय'चं मैदान आणि 'ट्यून्स'चा शेवट दुसऱ्या दिवशी, मार्टिंडेल आणि कार्ला तिसऱ्या. प्रत्येक तुकडा दहा मिनिटांच्या आत ठेवा आणि तीनदा दाखवा: आवाजासह, आवाजाविना, चित्राविना. चर्चा तिसऱ्यांदा दाखवून झाल्यावरच सुरू करा, नाहीतर पहिला बोलणारा जे सांगेल तेच बाकीच्यांना दिसतं. आणि मिमिक्री करू देऊ नका. गिनेसचा आवाज काढता येणं सोपं आहे, त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. प्रत्येकानं आपल्या ओळखीच्या एखाद्या माणसाची चाल पुढच्या बैठकीला आणावी, एवढं काम द्यावं.

एवढं झाल्यावर आणखी हवं असेल तर क्रिस्टीन एडझार्डचा 'लिटल डॉरिट' (१९८७) घ्या. दोन भाग मिळून जवळपास सहा तास, आणि त्यात कर्जापायी तुरुंगात वर्षानुवर्षं राहून तिथलाच मानकरी बनलेला विल्यम डॉरिट. दोन्ही भाग त्याच घटना वेगवेगळ्या बाजूंनी सांगतात, म्हणून क्रम उलटवू नका. गिनेसचं 'ब्लेसिंग्ज इन डिस्गाइज' (१९८५) हे आत्मकथन चित्रपट पाहून झाल्यावर वाचावं. त्यात तो स्वतःविषयी कमी आणि गिलगुड, गथ्रीसारख्या आपल्या माणसांविषयी जास्त सांगतो, आणि ती माणसं चालायची-बोलायची कशी हे इतकं बारकाईनं सांगतो की त्याची वही कशी भरत असेल याचा अंदाज येतो.